आज हिव पडणार

पुनो शहरातल्या आमच्या खोलीत चार खाटा, एक खिडकी.
वीज गेली की चौघी एकाच खाटेवर येतो,
आठ पाय एका घोंगडीत.
सहा उघडे, दोन मोज्यांत.
उघड्यांतला कुठला कुणाचा
हे अंधारातही भेगांवरून कळतं.

निल्डा अकोराची, सरोवराच्या काठची.
शाळेआधी होडी घेऊन लव्हाळं कापायला जायची,
कमरेइतक्या पाण्यात, गाईंसाठी.
वर्गात तिच्या बाकाखाली थारोळं साचायचं,
बाई म्हणायच्या, आली बघा बदकीण.
हे सांगताना आधी ती स्वतः हसते,
मग आम्ही.

येनीकडे अल्पाका. मकुसानीच्याही वर,
जिथे बटाटासुद्धा उगवायला नको म्हणतो.
आठ वर्षांची पोर, एकशेदहा जनावरं,
आणि एका दुपारी एकच वीज.
सतरा जागच्या जागी. बसल्यासारखी.
"मी मोजतच राहिले," ती म्हणते,
"वाटलं, माझंच मोजायला चुकतंय."
येनी आता हिशेबनिशीचं शिकते.
पहिल्या नंबरात असते.

माझं म्हणाल तर गारांचं.
काळा ढग डोंगराच्या खांद्यावर टेकला
की पातेली बडवत टेकडीवर पळायचं,
ओलं गवत पेटवायचं, धूर करायचा,
आणि गारांना शिव्या द्यायच्या.
एरवी शिवी दिली तर मुस्काटात बसायची,
तिथे आईच ओरडायची, मोठ्याने दे, अजून मोठ्याने!
वर्षातून दोनदा तोंड मोकळं व्हायचं.
कधी ढग वळायचा.
नाही वळला
तर पोचे पडलेलं पातेलं
कुणी घरात आणायचं नाही. तिथेच राहायचं, गारांनी भरलेलं.

राहिली हेरमेलिंडा.
ती अरेकिपाची. वडिलांचा छापखाना.
शेत? फोटोत पाहिलंय, म्हणते.
आमचं सगळं सिनेमासारखं ऐकते,
मध्येच विचारते, "अल्पाका चावतो का गं?"
"थुंकतो," येनी म्हणते. "माणूस बघून."

त्या रात्री जून सरत आला होता.
बोलून बोलून आम्ही पेंगलो,
तेवढ्यात हेरमेलिंडा उठली, खिडकी उघडली,
नाक वर करून उभी राहिली.
वारा पडलेला. चांदण्या घासून ठेवल्यासारख्या.
"आज हिव पडणार," ती म्हणाली. "जाड, पांढरं.
पसरले असतील ना त्यांनी बटाटे?
हीच रात्र. उद्या ढग येतील."

कुणीच बोललं नाही.
फोटोतून हिवाचा वास येत नाही.

मग तिनेच मोजे काढले.
खिडकीकडे तोंड करून सांगत गेली:
तीन रात्री माळावर गोठलेले बटाटे,
ऊन लागून जरा सैल झाले की ढीग करायचे,
वर अनवाणी चढायचं, टाचेवर गिरक्या घ्यायच्या,
साल सुटेस्तोवर, पाणी निथळेस्तोवर.
आत अजून बर्फच असतो.
"पाय आधी बधिर होतात, मग जळतात,
मग आपले राहतच नाहीत.
आत्या म्हणायची, हा चुन्यो दहा वर्षं टिकतो,
तू म्हातारी झालीस तरी तुझे पाय त्याच्या ध्यानात राहतील.
इथे पहिल्याच आठवड्यात एकीने माझ्या टाचा बघून नाक मुरडलं.
छापखाना मी त्याच दिवशी काढला."

येनी म्हणाली, "चालतोय ना बरा?"
आणि हेरमेलिंडा इतकी हसली
की शेजारच्या खोलीने भिंत ठोकली.

खाटेखालून तिने पोतं ओढलं.
काळे, खडखडीत, दगडासारखे दिसणारे, हातात घेतले तर हलके.
निल्डाने एक कानाशी वाजवला.
मी काही न बोलता माझ्या खाटेखाली वाकले.
दोन पोत्यांतले मूठमूठ एकाच बादलीत भिजत घातले.

सकाळी पुनोची पत्र्याची छपरं पांढरी.
चौघींनी घरी फोन लावले.
चारही वाजत राहिले.
कोण उचलणार? सगळे माळावर.
अरेकिपाच्या छापखान्यातसुद्धा कुणी नव्हतं.